सांभाळून घेणारं यंत्र

आमच्या नवव्या मजल्याच्या गॅलरीत सकाळी आठच्या सुमाराला ऊन सरळ येत नाही. समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून येतं. वाकडमध्ये बहुतेकांच्या वाट्याला असंच दुसऱ्याकडून आलेलं ऊन असतं. त्या उन्हापुढे मी एक सीडी धरून उभा होतो. तिच्या चकाकत्या अंगाला छिद्रं पडलीत का, ते बघायचं होतं. पडली होती. सुईच्या टोकाएवढी, काही त्याहून बारीक. सतरा मोजली आणि मोजणं सोडलं.

"आता तिचा एक्स-रे काढायला नेणार का?" हिने आतून विचारलं.

सीडी नाट्यगीतांची, 2006 साली घेतलेली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. वर्षातून चार-पाच वेळा लागायची, एरवी डबीत. ओरखडा नाही, बोटाचा डाग नाही. तरी गेल्या पावसाळ्यात तिसरं पद मध्येच अडखळायला लागलं. गायिका तान घेत वर जाते, एक टिचकी ऐकू येते, आणि ती एकदम पुढच्या मात्रेवर उतरलेली असते. मधल्या पायऱ्या कुणी काढून नेल्यासारख्या.

माझ्याकडची सगळ्यात जुनी सीडी 1991 सालची, परदेशात छापलेली. तिलाही मी उन्हापुढे धरलं. एकही छिद्र नाही. मग नोकरीतली खोड उफाळून आली. मायक्रोमीटर काढला. जुनी भरली 1.21 मिलिमीटर, नवी 1.13. हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुनी सोळा ग्रॅम, नवी चौदा आणि पंधराच्या मध्ये लटपटत होती. आता गंमत अशी, की सीडीच्या मानकात जाडी 1.2 सांगितली आहे. त्यात वर 0.3 आणि खाली 0.1 चालतं. वजन 14 ते 33 ग्रॅमपर्यंत काहीही चालतं. म्हणजे दोन्ही सीड्या पास. मी इन्स्पेक्टर असतो तर दोघींवर हिरवा शिक्का मारला असता.

भोसरीत एकोणीस आणि चाकणला बारा, अशी एकतीस वर्षं मी प्लॅस्टिक मोल्डिंगमध्ये काढली. शेवटी शेवटी गाड्यांच्या हेडलॅम्पवर होतो. समोरची पारदर्शक लेन्स पॉलिकार्बोनेटची, आतल्या रिफ्लेक्टरवर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा आणि त्यावर संरक्षक लेप. सीडीमध्ये याहून वेगळं काय असतं? तोच पॉलिकार्बोनेटचा दाणा, तेच ॲल्युमिनियम, तोच लेप. ग्रेड वेगळी, पण घराणं एकच. त्यामुळे ज्या काळात लोक सीडीकडे विज्ञानाचा चमत्कार म्हणून बघत होते, तेव्हा मला ती ओळखीच्या घरातली मुलगी वाटायची. हिचे आजार काय, हे मला आधीच माहीत होतं.

पॉलिकार्बोनेटचा दाणा हवेतलं पाणी पितो. म्हणून मशीनमध्ये घालण्याआधी तो 120 अंशांवर तीन-चार तास सुकवायचा. कंटाळा केलात, तर तीनशे अंशांना वितळताना तेच पाणी आतून सूड घेतं आणि मालावर चंदेरी रेघा उठतात. सिल्व्हर स्ट्रीक म्हणतात त्याला. साच्यात रस भरला की थंड व्हायला वेळ द्यायचा. घाईने उपसलात तर वरून पार्ट सरळ दिसतो, पण आत ताण राहतो. उजेड अशा प्लॅस्टिकमधून जाताना सरळ जात नाही, फाटे फुटतात. हेडलॅम्पला हे थोडं चालून जातं. सीडीला चालू नये, कारण लेझरचा किरण तिच्या 1.2 मिलिमीटरमधूनच आत जातो, पलीकडच्या ॲल्युमिनियमवर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो.

साच्याच्या एका बाजूला निकेलची चकती बसवलेली असते, तिला स्टँपर म्हणतात. गाणं तिच्यावर उंचवट्यांच्या रूपात असतं आणि प्रत्येक शॉटला ते प्लॅस्टिकमध्ये खळग्यांच्या रूपात उतरतं. खळगा अर्धा मायक्रॉन रुंद. दोन ओळींमध्ये अंतर 1.6 मायक्रॉन. ही ओळ आतून बाहेर गोल गोल जाते. उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल, म्हणजे वाकडच्या पुलावरून निघून हिंजवडीचा पहिला टप्पा मागे पडेल. सीडीला त्या अंतराचं गाणं वाजायला जेवढा वेळ लागतो, त्याहून सकाळी नऊ वाजता गाडीला जास्त लागतो, ते सोडा.

1982 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगनहागनला पहिल्या सीड्या बाहेर पडल्या, तेव्हा एका सीडीच्या शॉटला दहा सेकंदांहून जास्त लागायचे. पुढे मशीन सुधारली, दाणा सुधारला आणि तेच काम चार-पाच सेकंदांवर आलं. यात वाईट काही नाही. सायकल टाइम कमी करणं हा आमचा धर्मच. मी स्वतः एका लेन्सचे नऊ सेकंद वाचवून दिवाळीला कौतुक करून घेतलेलं आहे. फक्त एवढंच, की दहा सेकंदांच्या शॉटमध्ये काही गोष्टी आपोआप नीट होतात. चार सेकंदांच्या शॉटमध्ये त्या कुणीतरी लक्ष ठेवून नीट कराव्या लागतात. आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा पगार हा पहिल्यांदा वाचवण्याजोगा खर्च असतो.

मग प्रश्न उरतो, इतका बारीक माल इतक्या घाईत निघतो तर तो वाजतोच कसा?

तर त्याचं उत्तर असं, की वाजवणारं यंत्र सांभाळून घेतं. सीडी आखणाऱ्या फिलिप्स आणि सोनीच्या लोकांना पहिल्यापासून माहीत होतं, की चुका होणारच. म्हणून त्यांनी गाण्याचे आकडे सरळ ओळीने लिहिलेच नाहीत. लग्नाला परगावी निघताना सगळे दागिने एका पिशवीत न ठेवता चौघींच्या अंगावर वाटावेत, तसे ते लांब लांब पसरवले आणि सोबत पडताळ्याचे जादा आकडे घातले. एक पिशवी गेली तर काय गेलं ते उरलेल्यांवरून बरोबर सांगता येतं. त्या ओळीवरचा अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला, तरी यंत्र तो हुबेहूब भरून काढतं. त्याहून मोठं भगदाड असेल तर मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाज बांधतं. अंदाजही चालेनासा झाला की क्षणभर गप्प बसतं. गप्प बसल्यावरच आपल्याला कळतं, की काहीतरी बिनसलंय.

चांगला साथीदार हेच करतो. गायक मात्रा चुकला, तर तबलजी ठेका असा काही वळवतो की समेवर दोघं एकत्र. श्रोत्यांना पत्ता लागत नाही. पण मध्यंतरात तो गायकाच्या कानाशी लागून सांगतो, "बुवा, दुसऱ्या अंतऱ्यात गडबड झाली." आमच्याकडे कारखान्यातही सांभाळून घेणं असायचं. माल मापात नाही, पण उद्या गाडी भरायची आहे. मग "डेव्हिएशनवर पास" असा कागद निघायचा. वाईटच, पण कागद असायचा, त्यावर सही असायची. सीडीचं यंत्र सांभाळून घेतं आणि कुणालाही सांगत नाही, ना कंपनीला, ना गिऱ्हाइकाला. समोर एक हिरवा दिवा लागतो आणि गाणं सुरू.

याचा परिणाम काय होतो बघा. चुका पोटात घालण्याची यंत्राची जी ऐपत, ती खरं म्हणजे आपल्यासाठी होती. आपल्या ओरखड्यांसाठी, पोराच्या चिकट बोटांसाठी, तीस पावसाळ्यांसाठी. पण माल कसाही काढला तरी दुकानात वाजतो, परत येत नाही, हे छापणाऱ्याला कळलं की तो ती ऐपत आधी स्वतःच खर्च करून टाकतो. नवी कोरी सीडी घरी येते तेव्हाच तिच्या खात्यातली बरीचशी शिल्लक उडालेली असते. माझी 2006 ची सीडी गेल्या पावसाळ्यात बिघडली असं मी वर लिहिलं. ते चूक आहे. ती बिघडलेलीच आली होती. वीसएक वर्षं तिला यंत्राने पाठीशी घातलं.

माझ्याकडून बोट दाखवलं जातंय म्हणून सांगतो. 1998 साली, गणपतीच्या आधीचा आठवडा. मोटारसायकलच्या हेडलॅम्प लेन्सचा लॉट पाठवायचा होता, ड्रायरचा हीटर दुपारी गेला आणि संध्याकाळी आला. दाणा दोनच तास सुकला. लेन्सवर रेघा होत्या, पण तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हत्या. डेव्हिएशनच्या कागदावर मी सही केली. तक्रार आली नाही. पुढची दोन-तीन वर्षं सिग्नलला उभा राहिलो, की शेजारच्या मोटारसायकलचा दिवा तिरक्या नजरेने बघायची मला सवय लागली होती. ही म्हणायची, लोकांच्या गाड्यांकडे असं काय टक लावून बघता?

सीडीची खरी नाजूक बाजू कुठली, हे फार थोड्यांना माहीत असतं. सगळे खालची चकाकणारी बाजू जपतात. तिथे तर सव्वा मिलिमीटरचं प्लॅस्टिक आहे, घासून-पुसून ओरखडा काढताही येतो. गाणं असतं वर, जिकडे गायकाचं चित्र छापलेलं असतं तिकडे. मिलिमीटरच्या दहा-वीस हजाराव्या भागाएवढा ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि त्यावर केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा लाखेसारखा लेप. तो लेप कडेपर्यंत नीट पोचला नाही, की हवा आत शिरते. चांदी दिसतेय ती खरी म्हणजे ॲल्युमिनियमची कढई आहे, आणि कढईचं काय होतं ते प्रत्येक घरात माहीत असतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला फिलिप्स आणि ड्यू पाँ यांचा भागीदारीतला कारखाना होता. तिथे 1988 ते 1993 च्या दरम्यान छापलेल्या बऱ्याच सीड्या पुढे तांबूस पडत गेल्या, पितळी पेल्याला कळकट रंग चढावा तशा. लेपाला आतल्या कागदातलं गंधक सोसलं नव्हतं. त्यांनी नंतर कित्येक वर्षं लोकांना सीड्या बदलून दिल्या. हे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की तो कागद कुणाच्या सहीने पास झाला असेल?

आपल्याकडे शेवटी शेवटी आणखी एक प्रकार सुरू झाला. मैफलीच्या बाहेर टेबलावर मांडलेली सीडी घ्यावी, घरी येऊन उलटी करावी, तर खालून हिरवट-निळी. म्हणजे साच्यातून छापलेली नाही, संगणकावर जाळलेली. तिच्यात खळगे नसतातच. सेंद्रिय रंगाचा थर असतो, त्यावर लेझरने डाग पाडलेले असतात. ऊन लागलं की तो रंग उडतो. दोनशे प्रतींसाठी स्टँपर करणं परवडत नाही, हे मला पटतं. पण मग डबीवर तसं लिहावं. लोणचं घरगुती आहे की कारखान्यातलं हे आपण लिहितोच ना!

इथवर झालं ते मालाचं. आवाजाचं दुखणं वेगळं, आणि त्यावर यंत्राचाही इलाज चालत नाही.

आमच्या सातव्या मजल्यावर एक मुलगा राहतो. हिंजवडीत नोकरी, संध्याकाळी ध्वनिमुद्रणाचा नाद. एका रविवारी त्याने माझ्या 1991 च्या सीडीतला ख्याल आणि त्याच ध्वनिमुद्रणाची पुढे "सुधारून" काढलेली आवृत्ती, दोन्ही लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडली. जुन्यात आलाप म्हणजे बारीक धागा, मग हळूहळू जाड होत जाणारी लड, द्रुतात मोठे कंगोरे. नव्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक जाड पट्टा. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत कशी दिसते, तसं.

"काका, यात आवाज वाढवलेला नाही," तो म्हणाला. "मोठा आवाज होता तिथेच आहे. लहान होता तो वर ओढलाय."

सीडीच्या आवाजाला छत असतं. सोळा बिटांत जास्तीत जास्त मोठा आकडा ठरलेला, त्यापुढे काही नाही. छत उंच करता येत नाही, म्हणून फरशी वर उचलायची. खोली होती तिथेच, आता फक्त वाकून चालावं लागतं. साहेबांच्या रॉक संगीतात याला 'लाउडनेस वॉर' म्हणतात, म्हणजे मोठ्याने वाजण्याची चढाओढ. मेटॅलिका या बँडच्या 2008 सालच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर तर त्यांचेच चाहते चिडले होते. तिथे निदान गिटारी फाटल्या. आपल्याकडे पहिला बळी गेला तो तानपुऱ्याचा.

जुन्या टेपांमध्ये खरखर असते, ती काढायला संगणक आला. संगणक काय करतो? सतत, एकसारखं, मागे चालू असलेलं जे काही असेल, त्याला खरखर समजतो. आता तानपुऱ्याचं वर्णन याहून वेगळं काय करणार? सतत, एकसारखा, मागे. ऑपरेटरला कान नसेल आणि त्याने फिल्टर जरा जास्त दाबला, तर खरखरीबरोबर जव्हारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची ती गुंजही जाते. गायक एखाद्या टाइल्स लावलेल्या रिकाम्या खोलीत उभा राहून गातोय असं वाटतं. डबीवर मात्र 'डिजिटली रीमास्टर्ड' असं सोनेरी अक्षरात.

केसरबाई केरकरांचं एक भैरवीतलं ध्वनिमुद्रण 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं, तांब्याच्या सोनेरी मुलामा दिलेल्या तबकडीवर. खरखरीसकट गेलं असणार. ते सुधारायला तेव्हा कुणाकडे वेळ नव्हता, हे आपलं नशीब.

एमपीथ्रीचं जास्त लिहीत नाही. सीडीवर सेकंदाला साधारण चौदा लाख बिट असतात, त्या काळच्या एमपीथ्रीत 1 लाख 28 हजार. अकरावा हिस्सा. कानाला कमी जाणवेल तेवढंच टाकायचं, ही त्यामागची हुशारी खरी आहे आणि प्रवासात मीही तेच ऐकतो. राग येतो तो एका पुढच्या कामाचा. काही महाभाग एमपीथ्रीवरून पुन्हा नेहमीची सीडी तयार करून विकायचे. चिपाडं पुन्हा उसाच्या आकारात बांधून द्यावीत तसं. सीडीच्या काठाला हिरव्या मार्करने रंगवलं की आवाज सुधारतो, असंही 1990 च्या आसपास लोक जगभर मानत होते. आमच्यातल्या एकाने भोसरीत तो प्रयोग करून पाहिला. त्याचं बोट आठवडाभर हिरवं होतं.

पण त्या भिंतीसारख्या पट्ट्याचा मला आता पूर्वीइतका संताप येत नाही. एकदा 1991 चा तोच ख्याल मी गाडीत लावला. कार्यालयं सुटण्याची वेळ, भूमकर चौक, एसी चालू, डावीकडे डंपर, उजवीकडे बस, मागे अकारण हॉर्न. पहिली चार मिनिटं मला काहीही ऐकू आलं नाही. आवाज वाढवला. मग बुवांनी तार षड्ज लावला आणि मी दचकून ब्रेकवर पाय दिला. घरी तरी काय वेगळं? हायवेची घरघर रात्री दोनलाही थांबत नाही, आणि आता उन्नत मेट्रोचीही भर. भोसरीला आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री दहानंतर तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या ऐकू यायच्या. फरशी वर उचलणारा तो कुणी इंजिनिअर आहे, त्याने वाकड बघितलेलं असणार. गिऱ्हाईक जिथे बसून ऐकतं तिथलं माप त्याने घेतलं. तक्रार करायची तर मला डंपरपासून सुरुवात करावी लागेल.

बाकीचं झरझर झालं. मोझर बेअरने 2007 च्या सुमाराला सिनेमांच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणल्या, तेव्हा तबकडी ही घेऊन जपायची वस्तू राहिली नाही; 2018 मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. मुंबईचं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान 2016 च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. माझ्या नव्या गाडीत सीडीची फटच नाही. तिथे आता चष्मा ठेवायचा कप्पा आहे.

त्या नाट्यगीतांच्या सीडीचं काय करायचं? सातव्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, द्या. वाचून तर बघू." त्याने असा एक प्रोग्रॅम लावला, की जो घाई करत नाही. शंका आली तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो. 1991 ची सीडी सहा मिनिटांत वाचून झाली, चूक शून्य. नाट्यगीतांच्या तिसऱ्या पदावर तो प्रोग्रॅम पन्नास मिनिटं बसला. ड्राइव्ह आतल्या आत कण्हल्यासारखा आवाज करत होता. शेवटी एक यादी आली. इंग्रजीत होती, पण तिचं मराठी आपोआप होतं: संशयास्पद जागा. पुढे मिनिटं, सेकंद. एकूण नऊ.

जागा म्हटल्यावर माझं डोकं दुसरीकडेच गेलं. गाण्यातही जागाच असतात. हिला हाक मारली. ही कोथिंबीर निवडत होती, ताट घेऊनच आली. हे पद तिने लहानपणी रेडिओवर ऐकून पाठ केलेलं. आम्ही एकेक संशयास्पद जागा काढून ऐकवायला लागलो. पहिल्या चार ठिकाणी तिने नुसती मान हलवली. पाचव्या ठिकाणी टिचकी नव्हती, खंड नव्हता, अगदी गुळगुळीत तान. मी पुढे जाऊ लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "इथे ती असं नाही घेत."

"म्हणजे?"

"वर जाऊन जरा मागे येते, आणि मग खाली. हे सरळच आलंय." आणि काडी हातात धरूनच तिने ती जागा गुणगुणून दाखवली. आवाज आता चढत नाही, पण वळण स्पष्ट होतं.

मुलाने तो तुकडा पुन्हा वाजवला. यंत्राने मागचा आकडा घेतला होता, पुढचा घेतला होता आणि मध्ये एक सरळ रेघ ओढली होती. अंदाज वाईट नव्हता. मी एकटा असतो तर पास केला असता.

"काका, ही फाइल ठेवू की उडवू?" त्याने विचारलं. "दुसरी सीडी मिळतेय का बघायची?"

मी हिच्याकडे बघितलं. ती ताट उचलून आत निघाली होती.

"ठेव," मी म्हटलं. "नावापुढे तेवढं 'डेव्हिएशन' लिही."